कुर्मा घराची झडती

पोलिसात तेव्हा बाई नव्हती. चांदा जिल्हा एवढा मोठा, गडचिरोली त्यातच होतं, आणि त्या सगळ्या रानात खाकी घातलेली एक बाई शोधून सापडली नसती. गांजा मात्र बायकांच्या डोक्यावरून चालायचा. अफू त्यांच्या ओटीत असायची. आणि कायदा असा की बाईच्या अंगाला बाईनेच हात लावायचा. म्हणून नागभीडच्या ठाण्याला माझी गरज पडायची.

मी नोकरीत नव्हते. ठाण्याची जमीन सारवायची, रांजण भरायचे, एवढंच माझं काम. नवरा रेल्वेच्या खडीवर होता, तो तापात गेला. मी चौथीपर्यंत शिकले होते, तेवढ्यावर सही करता यायची. पहिली संशयित बाई धरून आणली तेव्हा शामराव हवालदाराने आधी आपल्या बायकोला बोलावणं धाडलं. तिने दारातूनच सुनावलं, "दुसऱ्या बाईचं लुगडं मी झाडू? अक्कल कुठी चरायले सोडली तुमी?" मग शामराव अंगणात आला. मी शेणात हात घालून बसले होते.

"गिरजाबाई, हात धू."

"काऊन?"

"एका बाईची झडती घ्याची हाय."

"मले नाई येत."

"त्यात येवाचं काय असते? दोन हात हायेत ना तुले?"

दोन हात होते म्हणून मी झडती घेणारी झाले. वडसा-नागभीडच्या छोट्या गाडीच्या लाइनीवर हे काम करणारी मी एकटीच. ज्या ठाण्याला बाई सापडायची, तिथून मला निरोप यायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी पुरुषांना बाहेर काढायचं आणि दाराला चादर लावायची. मग बाईला सरळ सांगायचं: जे असेल ते काढून जमिनीवर ठेव, मला हात लावायची पाळी आणू नको. निम्म्या बायका इथेच काढून द्यायच्या. उरलेल्यांचा अंबाडा पाहायचा, मग चोळी, मग निऱ्या, पदराच्या गाठी. पायातले वाळे पोकळ असतात, तेही पाहायचे. हात चालू असताना तिच्याशी बोलत राहायचं, माहेर कुठलं, भाऊ किती. हात मालाजवळ गेला की बाई घाबरते, आणि एका भावाबद्दल विचारलं तर साऱ्या गोतावळ्याची कथा सांगते. तिथे मी हात थांबवून परत मागे जायची.

आणि कडेवर लेकरू असेल तर ते विसरायचं नाही. गाढ झोपलेल्या लेकराचं तोंड मी अफूच्या वासासाठी हुंगायची. पण त्याचाही उपयोग नव्हता, कारण आमच्याकडे रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत अर्ध्या आया लेकराला अफूचा कण चाटवून शेताच्या धुऱ्यावर निजवत. शामरावची बायकोही आपल्या पोराला निजवायची. तो मोठा होऊन मास्तर झाला. त्यामुळे अफूने पोरं मठ्ठ होतात असं कुणी म्हटलं की मी गप्प बसते.

गुन्हा गांजाचा नव्हता, हेही सांगायला हवं. गांजा-अफूचं सरकारी दुकान होतं, त्यावर पाटी होती, ठेकेदार होता. आबकारी खात्याच्या गोदामातून आलेला, कर भरलेला गांजा ओढला तर तुम्ही गिऱ्हाईक. कर न भरलेला ओढला तर आरोपी. एका म्हातारीच्या पदरातून मी पुडी काढली तेव्हा ती म्हणाली, "सरकारचा गांजा पेला तं माणूस शायना होते का वो?" मी तिला ठाणेदाराला विचारायला सांगितलं. तिने खरंच विचारलं.

एकदा स्टेशनाच्या बाकावर एक पोटुशी कण्हत बसलेली. मी तिला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, आणि विचारलं, लेकरू लाथ मारते का? म्हणाली, "नाई वो माय, लई गरीब हाय." सातव्या महिन्यात एवढं गरीब लेकरू मी पाहिलं नव्हतं. आत नेऊन लुगडं सोडवलं तर पोटावर गांजाची गठडी, वर जुनी गोधडी. गठडी काढल्यावर ती ताठ उभी राहिली आणि बाहेर येऊन शामरावला म्हणाली, "झाली बापा मी मोकळी." ठाण्यात आठवडाभर तेच वाक्य चालू होतं.

असल्या बायका त्या उन्हाळ्यात फार सापडायला लागल्या. मोहाच्या टोपलीत, झाडूच्या भाऱ्यात, तेंदूच्या पानांत, सगळीकडे एकसारख्या पुड्या. पळसाच्या पानात बांधलेल्या, वर सालीचा दोर. विचारलं की एकच उत्तर, बाजारात घेतली, कोणाकडून ते ठाऊक नाही. वडशाला नवे ठाणेदार आले होते, नागपूरचे. तरणे, सडपातळ, बुटांना रोज पॉलिश. त्यांना टोपलीवाल्या बायका नको होत्या, मूळ हवं होतं. त्यांनी खबरी लावले आणि एवढं काढलं की माल बस्तरच्या बाजूने रानातून येतो, कुरखेड्याच्या पलीकडे एका गोंडांच्या गावात उतरतो, आणि तिथून थोडा थोडा बाजारात फुटतो. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

ठाणेदारांनी त्या गावाची दोनदा झडती घेतली. घरं, धानाच्या ढोल्या, तणसाचे ढीग, कोंबड्यांची खुराडी, सगळं उलटंपालटं केलं. मोहाच्या दारूशिवाय काही मिळालं नाही. परत निघताना त्यांना गावाच्या कडेला एक एकटी झोपडी दिसली. ती कोणी उघडली नव्हती. त्यांनी विचारलं तर सोबतचा कोतवाल, तोही गोंड, मान खाली घालून म्हणाला, "ते कुर्मा हाय, सायेब. तिथी बायका बसतेत."

कुर्मा म्हणजे बाईने महिन्याचे दिवस काढायची झोपडी. त्या दिवसांत तिने घरात यायचं नाही, चूल शिवायची नाही, शेतात जायचं नाही. घरून जेवण येतं, ते दूर ठेवतात. दिवस संपले की नाल्यावर अंघोळ करून घरी. आणि पुरुषाने त्या झोपडीकडे जायचं तर नाहीच, बघायचंही नाही. बघितलं तर देव कोपतो. आमच्या हिंदू घरांतही बाई बाजूला बसायची, पण कोपऱ्यात. यांनी कोपरा गावाबाहेर नेला होता, एवढाच फरक.

ठाणेदारांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या जागेकडे पुरुष बघत नाही, तिथे पोलीस पोचत नाही. त्यांनी मला बोलावणं धाडलं.

वडशाला उतरले तर ठाण्यासमोर दमणी उभी, पांढरे बैल, आत गादी. दमणी लक्ष्मणशेठची. लक्ष्मणशेठ म्हणजे वडशाच्या आणि कुरखेड्याच्या सरकारी गांजा-अफूच्या दुकानांचा ठेकेदार. चोरट्या मालाने त्याचं नुकसान होतं, म्हणून तो पोलिसांना मनापासून मदत करायचा. त्याने पुऱ्यांचा डबाही दिला होता. मला म्हणाला, "बाई, तुमच्यासारख्या आहेत म्हणून देश चालला आहे." मी त्याला म्हटलं, देशाचं मला माहीत नाही, बैलांना पाणी पाजलं का. तो हसला. त्याचं हसणं चांगलं होतं, सगळ्या ठेकेदारांचं असतं.

गावात पोचलो तेव्हा गायता वाटेवरच उभा होता. गायता म्हणजे गावदेवाची पूजा करणारा, त्याचा शब्द गावाचा शब्द. म्हातारा, वाळकुडा, खांद्यावर कुऱ्हाड.

"जोहार, सायेब. तिसऱ्यांदा आलात. आता काय राह्यलं?"

"ती झोपडी," ठाणेदार म्हणाले.

"ते होत नाई."

"पुरुष जाणार नाही. ही बाई जाईल."

गायत्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिचे दिवस हायेत का?"

ठाणेदार कानापर्यंत लाल झाले. मी म्हटलं, "नाई."

"मंग ते बी नाई जाऊ शकत. आणि गेली तं गेली. आत पोर बसली हाय. थे पोर निघाल तवाच हे निघाल, नाल्यावर न्हाऊन. मधात नाई."

ठाणेदार म्हणाले, "कायद्याला असलं काही कळत नाही."

"कायद्याचं आपल्याले नाई माईत," गायता म्हणाला. "आपलं आपल्याले माईत हाय."

माझ्या मते भांडण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "बसते मी आत. मले कुठी लग्नाले जायाचं हाय?"

अडचण पुढेच होती. झडतीला पंच लागतात. दोन पंच, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे की माल कुठून निघाला. ठाणेदारांनी कुरखेड्याहून दोन पंच आणले होते, एक किराणा दुकानदार आणि एक शिंपी. गावातले सगळे पुरुष बघत होते. दोघे झोपडीपासून शेतभर लांब मोहाच्या झाडाखाली उभे राहिले आणि झोपडीकडे पाठ केली. ठाणेदार ओरडले, तोंड इकडे करा. शिंपी म्हणाला, "सायेब, मले लेकरंबाळं हायेत."

अशी ती झडती. मी आत, ठाणेदार झोपडीच्या मागच्या बाजूला, पंच डोंगर बघत.

झोपडी एवढीशी, वाकून जायची. आत एक पोरगी, सतराएक वर्षांची, गुडघ्यांत मान घालून. नाव मैनी. मला बघून भिंतीला चिकटली. मी तिला हात लावला नाही. वर बांबूचा माळा होता, त्यावर पळसाची पानं पसरलेली. पानं बाजूला केली आणि पाहते तर पुड्याच पुड्या, सालीच्या दोराच्या. ओळखीच्या होत्या मला, भाचरांसारख्या.

मी आतून ओरडले, "हाय सायेब! लई हाय!"

शामराव माझ्यासोबत आला होता, तो लांबून लिहून घेऊ लागला. मी पुड्या दाराबाहेर फेकल्या. तिथे पडल्या त्या पडल्याच. शिपाई उचलेनात. सामान घेऊन आलेला बैलगाडीवाला म्हणाला, कुर्मातला माल माझ्या गाडीत ठेवला तर बैल मरतील. शामराव माझ्या ओळखीचा माणूस, तोही मागे सरकला. शेवटी ठाणेदारांनी स्वतः पुड्या उचलून पोत्यात भरल्या. त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं तर गावात कुणी त्यांना लोटा देईना, कारण आता तेही बाटले होते. बूट काढून ते नाल्यात उतरले.

माल मिळाला. आता आरोपी हवा होता. झोपडी कुणाची? गावाची. झोपडीत कोण होतं? मैनी. कायद्याचा हिशोब सोपा असतो. ज्याच्याजवळ माल, तो चोर. मैनीला चांद्याच्या जेलात नेणार, हे गायत्याला मराठीत सांगितलं, त्याने तिच्या बापाला गोंडीत सांगितलं, आणि बाप जमिनीवर बसला. तिचं लग्न ठरलेलं होतं, धान कापून झाल्यावर. ठाणेदार तेव्हाच्या तेव्हा तिला काढायला निघाले होते. पण गावातल्या बायका येऊन वाटेवर उभ्या राहिल्या. शामराव म्हणाला, "सायेब, गिरजाबाई तिच्यापाशी हायेच. पळून कुठी जाते? दिवस होऊ द्या." ठाणेदारांनी गावात मुक्काम टाकला आणि मी कुर्मात.

बसायचं म्हणजे काय, तर बसायचं. काम नाही, चूल नाही, झाडलोट नाही. लग्न झाल्यापासून मी अशी रिकामी कधी बसले नव्हते. पहिल्या दिवशी मैनी माझ्याकडे बघेना. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने दूर ठेवलेला भात आम्ही एकाच पानात खाल्ला, आणि ती बोलायला लागली. मोडकं मराठी, मध्येच गोंडी.

मी विचारलं, "थ्या पुड्या कोनं ठेवल्या?"

"कौसल्यानं."

"कोन कौसल्या?"

"चुड्यावाली."

बांगड्या विकणारी ही कौसल्या बाजाराच्या आधी गावात यायची. आली की दर वेळी तिचे दिवस यायचे. मग गावात राहायचं तर कुर्मातच राहायला हवं. ती बांगड्यांची टोपली घेऊन तिथे बसायची. बस्तरकडून पाठीवर ओझं घेऊन कोणी बाया यायच्या, त्याही म्हणत दिवस आलेत, त्याही तिथेच बसत. बाजार भरला की कौसल्या टोपली भरून निघून जायची.

"तिचा महिना बाजारासोबत येते," मैनी म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली. "आमी साऱ्या हासतो. कवा कवा महिन्यात दोनदा येते."

"मंग तुमी कोनी बोलल्या नाई?"

"कुर्मात कोनी कोनाले इचारत नाई."

"आणि पुड्यांत काय हाय ते?"

"थे म्हणे चुड्या हायेत. फुटाले नाई पायजे म्हणून पानात बांधल्या."

"वास नाई आला?"

"कुर्मात सारेच वास येतेत, बाई."

कौसल्येने जागा बरोबर निवडली होती. पुरुष बघत नाहीत, बायका विचारत नाहीत. सगळ्या गावाला ठाऊक होतं की ती खोटं बोलते. खोटं कशासाठी बोलते एवढंच कुणी विचारलं नाही, कारण तसं विचारणं त्यांच्यात वाईट समजतात. मी त्या वेळी त्यांना मनात वेडं म्हटलं.

"कौसल्या राहाते कुठी?" मी विचारलं.

"वडशाले. शेठच्या वाड्यात. त्याच्या दमणीतच येते ना थे, नाल्यापर्यंत."

पांढरे बैल, गादी. आम्ही आलो तीच दमणी.

मैनीचे दिवस संपले, आम्ही दोघी नाल्यावर न्हालो आणि बाहेर आलो. मी सरळ ठाणेदारांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते लक्ष्मणशेठच्या डब्यातल्या पुऱ्या खात होते, दुसरा डबा होता तो, ताजा आलेला.

"पुरावा?" ते म्हणाले.

"पोरगी सांगते."

"आरोपीच्या सांगण्यावरून कर भरणाऱ्या माणसाला धरू?"

"कौसल्याले तं धरा."

त्यांनी माणूस पाठवला. लक्ष्मणशेठने सांगितलं की बाई माहेरी गेली, आणि माहेर कुठे ते त्याने कधी विचारलं नाही. नंतर तो सरकारचा साक्षीदार झाला. कारण हा माल सरकारी गोदामातला नाही, चोरटा आहे, हे सांगायला गांजातला जाणकार माणूस हवा होता, आणि त्या भागात त्याच्याएवढा जाणकार कोणी नव्हता. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ठाणेदार लबाड नव्हते, हे मी आजही सांगेन. त्यांनी माझ्यासमोर त्याच्या पुऱ्या खाल्ल्या, पैसा खाल्ला नाही. ते फक्त घाईत होते. आपला भाग मुंबई राज्यात जाणार अशी बोलणी चालू होती आणि बढत्या कोणाच्या होतील ते ठरत होतं.

मैनीची रोवणी जेलात गेली. खटला गडचिरोलीला मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिला तेव्हा धान निसवायला आलं होतं. आदल्या दिवशी शामराव माझ्याकडे आला.

"गिरजाबाई, सायबानं सांगतलं हाय. पंचाइनं पाह्यलं, असंच बोलाचं."

"पंचाइनं डोंगर पाह्यला."

"थे आपल्याले माईत. मॅजिस्ट्रेटले काऊन माईत कराचं? पंचाइनं पाह्यलं नाई तं झडती गेली, झडती गेली तं केस गेली."

"केस गेली तं पोरगी सुटते?"

"सुटते ना. पण तुले पुन्हा कोनी बोलावनार नाई. सारवत बसशील."

सारवणं मला येत होतं. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. पंचांनी पाहिलं म्हणावं तर मैनी जेलात आणि लक्ष्मणशेठ दुकानात. पाहिलं नाही म्हणावं तर मैनी घरी आणि लक्ष्मणशेठ दुकानात. शेठ दोन्हीकडे दुकानातच होता. मग विचार करण्यासारखं काही उरलं नाही.

कोर्टाची खोली गच्च भरलेली. गायता, मैनीचा बाप, तिचा होणारा सासरा, गावातले सगळे जाणते पुरुष भिंतीला टेकून खाली बसलेले. मैनी शिपायाजवळ उभी. मॅजिस्ट्रेट वयस्कर, चष्मा कपाळावर.

त्यांनी मला विचारलं, "माल काढला तेव्हा पंच कुठे होते?"

"शेताच्या पल्याड, मोहाखाली."

"तिथून त्यांना दिसत होतं?"

"त्यांनी पाठ केली होती, साहेब."

ठाणेदारांनी खुर्ची सरकवली. मॅजिस्ट्रेटनी चष्मा खाली घेतला. "पाठ का केली?"

मी सांगितलं. ही झोपडी कशाची, तिथे कोण बसतं, पुरुष का बघत नाहीत, सगळं स्पष्ट सांगितलं. मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, ही पोरगी महिन्याची होती म्हणून तिथे बसली होती, गांजासाठी नाही. तिचे दिवस होते हे मी डोळ्यांनी पाहिलं, तिच्याजवळ बसून पाहिलं. आणि कौसल्या नावाची बाई, जिचे दिवस कधी नसतात, ती तिथे माल ठेवायची. कारकुनांच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. मॅजिस्ट्रेटनी टेबलावर हात आपटला. मग दोन्ही पंचांना विचारलं, आणि शिंप्याने पुन्हा लेकराबाळांचं सांगितलं.

मैनी सुटली. कौसल्येला शोधा असा शेरा मारला गेला, आणि तिला कोणी शोधलं नाही. मालाचं काय झालं म्हणाल तर तो सरकारजमा झाला. सरकारी गोदामात गेला असं शामराव म्हणायचा, आणि चांगला माल वाया घालवत नाहीत असंही म्हणायचा. त्या गोदामातून माल उचलायचा ठेका कोणाचा होता, ते वर लिहिलेलं आहे.

कोर्टाबाहेर चिंचेखाली मैनी एकटी उभी होती. गावचे पुरुष लांब उभे होते, आपसात बोलत, तिच्याकडे न बघता. मी हॉटेलातून भजी घेतली आणि तिच्याकडे गेले. मला वाटलं होतं ती रडेल, पाया पडेल. तसं झालं की मला अवघडल्यासारखं होतं, म्हणून मी आधीच म्हटलं, "खा. दूर जायाचं हाय."

तिने पुडा घेतला नाही.

"तू काऊन बोलली?" ती म्हणाली.

"बोलली नसती तं जेलात गेली असती तू."

"गेली असती. जेलातून माणूस वापस येते." तिने पुरुषांकडे हात केला. "थे माझा बाप हाय. थे गायता हाय. थे माझा सासरा होनार होता. आता थे मले पाहतेत तं मी तिथीच बसली दिसतो त्याइले. तू सांगतलं. साऱ्याइच्या मधात."

मी म्हटलं, अगं, त्यांना काय ठाऊक नाही? गावात कोण कुठे बसलं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

"ठाव असते," मैनी म्हणाली. "कोनी बोलत नाई."

मग गायत्याने हाक मारली आणि ती निघाली. पुरुष पुढे, ती बरीच मागे. कोणी तिची वाट पाहिली नाही, आणि तीही घाईने चालली नाही. भजी मी स्वतः खाल्ली, टाकून देण्यात अर्थ नव्हता. तिचं लग्न पुढे झालं, असं कुरखेड्याच्या एका बाईकडून कळलं. पण त्या घरी नाही, लांब, कोरचीकडे.

ठाण्याने मला बरेच दिवस बोलावलं नाही. मी सारवत राहिले. नागपूरच्या ठाणेदारांची बदली झाली, आणि मग एकदा स्टेशनावर एक बाई धरली, दुसरी कोणी तयार होईना, तेव्हा शामराव पुन्हा अंगणात आला आणि हात धू म्हणाला. मी गेले. पुढे कितीतरी वर्षं जात राहिले, पोलिसात बाया भरती होईपर्यंत.

दाराला चादर लावायची, ते तसंच चालू होतं. फक्त आधी मी पुरुषांना चादरीबाहेर उभं करायची. मैनीनंतर पार रस्त्यावर पाठवायला लागले, आणि आत जे दिसलं त्यातलं मालाशिवाय काही कधी सांगितलं नाही, कोणी विचारलं तरी. शामरावला ते पटायचं नाही. पावसात भिजत उभा राहायचा आणि करवादायचा.

"काऊन वो? चादर तं हाय ना. आमाले काई दिसते का इथून?"

"ऐकू येते," मी म्हणायची. "जा."